घोडबंदर रोडवर दिंडीचा विसावा

घोडबंदर रोडचे नाव काढले की मुंबई-ठाण्याच्या माणसाच्या कपाळाला आठी पडते. अहमदाबादकडून येणारा महामार्ग आणि नाशिककडे जाणारा महामार्ग यांना जोडणारा हा सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता. गुजरातेतून न्हावाशेव्याच्या बंदराकडे जाणारे अवजड कंटेनर याच रस्त्याने जातात, कामावर जाणारी माणसेही याच रस्त्याने जातात. एका अंगाला येऊरचा डोंगर, दुसऱ्या अंगाला वसईची खाडी, आणि मधल्या पट्टीत मेट्रोचे खांब, उंच इमारती आणि गाड्यांची रांग. वर्तमानपत्रांत या रस्त्याविषयी येते ते बहुधा या रांगांविषयीच.

आम्हा पायी चालणाऱ्यांना मात्र या रस्त्याची निराळी ओळख आहे. आमची छोटी दिंडी मनोरच्या पलीकडच्या गावांतली. दरवर्षी कार्तिकात भात कापून झाले की आम्ही बावीस-पंचवीस माणसे आळंदीला पायी निघतो. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीत पोहोचायचे आणि त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा पाहून परतायचे, असा नेम. अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर, दिवस दहा. त्यांपैकी नऊ दिवस चालायचे आणि एक दिवस मुक्काम हलवायचा नाही. तो एक दिवस घोडबंदर रोडवर, कासारवडवलीला. दिंडीचा हिशेब माझ्याकडे असतो, म्हणून त्या एका दिवसात काय काय उरकावे लागते हे मला जवळून ठाऊक आहे. घरातले कोणी ना कोणी पंढरीला, आळंदीला, त्र्यंबकला किंवा शिर्डीला पायी जात नाही असे घर आपल्याकडे विरळाच. त्यांना उपयोग होईल म्हणून हे लिहीत आहे.

घोड्यांचे बंदर

या रस्त्याला नाव मिळाले ते घोडबंदर गावावरून. पोर्तुगिजांच्या काळात येथे घोड्यांचा व्यापार चाले, घोडे गलबतांतून खाडीच्या या धक्क्यावर उतरत, म्हणून घोडबंदर, असे सांगतात. खाडीकाठच्या टेकाडावर त्यांनी बांधलेला किल्ला आजही उभा आहे. 1737 साली तो मराठ्यांनी घेतला आणि 1818 साली इंग्रजांकडे गेला. गलबतात दिवसच्या दिवस उभे राहिलेले जनावर खाली उतरवले की त्याला लगेच घाटाकडे हाकता येत नाही, हे कोणत्याही जनावरवाल्याला सांगायला नको. त्याला चारा-पाणी दाखवायचे, पाय मोकळे करू द्यायचे आणि मग पुढची वाट धरायची.

या डोंगराला तर त्याहून जुना अनुभव आहे. याच डोंगररांगेत बोरिवलीच्या बाजूला कान्हेरीची लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीपासून खोदत गेलेली ही शंभराहून अधिक लेणी. एका बाजूला सोपारा बंदर, दुसऱ्या बाजूला कल्याण बंदर, आणि मधल्या डोंगरात बौद्ध भिक्षूंची वस्ती. भिक्षू म्हणजे सदा पायी फिरणारे. पण पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचे, असा त्यांचाही नियम होता. लेण्यांच्या शेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी पाहिली म्हणजे दात्यांनी किती बारीक विचार केला होता ते कळते. तेथल्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटले आहे, आणि अमक्याने पोढी दान दिली असे कोरून ठेवले आहे. चालणाऱ्याला काय लागते? सावली, पाणी आणि पाठ टेकायला जागा. दोन हजार वर्षांत त्यात फारसा बदल झालेला नाही.

तिसऱ्या दिवसाचे पाय

मनोरहून निघाल्यावर वरई फाटा, शिरसाड, विरार फाटा असे टप्पे घेत महामार्गाच्या कडेने आम्ही वसईच्या खाडीवरच्या वर्सोवा पुलाशी येतो. पूल ओलांडला की वरसावे नाका. तेथे मुंबईचा रस्ता उजवीकडे सोडायचा आणि डावीकडे वळून घोडबंदर रोड धरायचा. मग चेणे गाव, दोन्ही बाजूंना झाडी, आणि पुढे गायमुखचा घाट.

गायमुखाला रस्ता डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये चिमटीत सापडतो. घाट लहानच आहे, पण वळणे आहेत, चढ आहे, आणि वाहनाला चुकवायला पायी माणसाला बाजूला जागा नाही. येथून आमची दिंडी कधीही अंधारात जात नाही. डोंगर राष्ट्रीय उद्यानात मोडतो. सुमारे 104 चौरस किलोमीटरच्या या जंगलात बिबटे आहेत. पण खरे सांगायचे तर बिबट्यापेक्षा भीती ट्रकची. आम्ही उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा बेताने, एकामागे एक चालतो. पुढच्या आणि मागच्या माणसाच्या पाठीला रेडियम पट्टी लावलेली असते. टाळ-मृदंग त्या वेळेपुरते बंद. भजनात दंग झालेल्या माणसाला हॉर्न ऐकू येत नाही.

घाट उतरून भाईंदरपाड्यावरून कासारवडवलीला यायला तिसऱ्या दिवसाची संध्याकाळ होते. तीन दिवसांत पंच्याऐंशी किलोमीटर झालेले असतात. पहिल्या दिवशी उत्साह असतो, दुसऱ्या दिवशी पाय दुखतात, आणि तिसऱ्या दिवशी माणसे बोलेनाशी होतात. चहा आला तरी उठून घ्यावासा वाटत नाही. अशा वेळी विणेकरी बुवा एवढेच सांगतात, “उद्या पताका हलायची नाही.” ते ऐकून निम्मा शीण तेथेच जातो.

विसावा कशासाठी?

नवीन आलेली पोरे विचारतात, “एक दिवस वाया कशाला घालवायचा? नऊ दिवसांतच आळंदी गाठू.” त्यांना बुवा बैलाचे उदाहरण देतात. आपल्याकडे पुष्कळ गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. पेरणीची कितीही घाई असो, सोमवार बैलाचा. त्याला आपण महादेवाचा वार म्हणतो. पण ज्या शेतकऱ्याने हा नियम पाळला त्याचा बैल जास्त वर्षे टिकला, हेही आपण पाहिले आहे.

माणसाच्या शरीराचे तसेच आहे. रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालले की मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंत साठलेली साखर संपत जाते आणि स्नायूंचे बारीक धागे दुखावतात. ही साखर पुन्हा भरून निघायला पोटभर भात-भाकरी आणि साधारण एक दिवसाची उसंत लागते. धाग्यांची दुरुस्तीही झोपेतच चांगली होते. विसावा न घेता पुढे गेलेला माणूस पाचव्या-सहाव्या दिवशी लंगडू लागतो, आणि आमच्या वाटेवर सहाव्या-सातव्या दिवशी तर खोपोलीहून खंडाळ्याचा घाट चढायचा असतो.

थोरल्या वारीचेही हेच शिक्षण आहे. हैबतरावबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला शिस्त लावून दिली. ती पालखी आषाढी वारीत पुण्याला दोन रात्री थांबते आणि दिवेघाट चढून सासवडला गेली की तेथेही दोन रात्री थांबते. पुण्याच्या मुक्कामात कोणी वारकऱ्यांची दाढी करून देतो, कोणी चपला सांधून देतो, कोणी पाय चेपून देतो, आणि पैसे घेत नाही. लाखो माणसांची वारी जर विसाव्याला एवढा मान देते, तर आम्ही बावीस माणसांनी घाई करण्याचे कारण नाही.

पाय पाहण्याचा कार्यक्रम

विसाव्याच्या दिवशी पहाटे काकडा झाला की चहा, आणि चहानंतर पहिले काम पाय पाहण्याचे. सर्वांनी रांगेत बसायचे आणि पाय कोमट पाण्यात धुऊन, बोटांच्या बेचक्यासुद्धा कोरड्या करून पुढे करायचे. आमच्यात एक ताई आरोग्य केंद्रात काम केलेल्या आहेत. त्या एकेक पाय हातात घेऊन पाहतात. बायाबापड्यांना आधी संकोच वाटे. आता तो गेला आहे.

फोड आला असेल आणि लहान असेल तर त्याला हात लावत नाहीत. मोठा आणि ताणलेला असेल तर उकळून घेतलेल्या सुईने कडेला बारीक भोक पाडून पाणी काढतात. वरची कातडी मात्र काढत नाहीत, कारण तीच जखमेचे झाकण. वर मलम आणि स्वच्छ पट्टी. भेगा पडलेल्या टाचांना कोकमाचे तेल कोमट करून लावतात. वाढलेली नखे सरळ कापतात, कोपरे खोल घेत नाहीत. उतारावर नख चपलेला टेकून काळेनिळे होते ते वाढलेल्या नखामुळेच.

या कार्यक्रमाचे महत्त्व आम्हाला कसे कळले ते सांगतो. आमच्यात एक काका आहेत. वय साठीच्या पुढे, पाच एकर भातशेती, सलग अकरा वर्षांची वारी. आठ वर्षांपासून त्यांना मधुमेह. तीन वर्षांपूर्वीच्या विसाव्याला ते रांगेत बसेनात. “मला काही दुखत नाही, दुसऱ्यांचे पाहा,” असे म्हणून बाजूला झाले. ताईंनी आग्रह धरला. मोजा काढायला गेले तर तो करंगळीला चिकटलेला. पाणी टाकून सोडवला, तेव्हा करंगळीखाली रुपयाएवढी जखम, कडेने लाल, आणि आत पू झालेला. काकांना खरोखरच दुखत नव्हते. मधुमेह जुना झाला की पायाच्या शिरांची जाणीव कमी होते. खडा टोचला, फोड फुटला, जखम चिघळली, तरी माणसाला पत्ता लागत नाही. ज्याला दुखते तो थांबतो. ज्याला दुखत नाही तो चालत राहतो आणि पाय गमावतो.

त्यांना रिक्षाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी जखम साफ केली, रक्तातली साखर पाहिली, ती फार चढलेली होती. चालायचे नाही, रोज मलमपट्टी करायची आणि दोन दिवसांत मोठ्या दवाखान्यात दाखवायचे, असे बजावून सांगितले.

काका परत आले ते गप्प. मग म्हणाले, “मी टेम्पोत बसून येतो. अकरा वर्षांची वारी मोडू नका माझी.” त्यांचे डोळे भरून आले होते. मंडपात कोणी बोलेना. टेम्पोत बसवले तर रोजची मलमपट्टी कोण करणार, आणि पुढच्या मुक्कामी दवाखाना असेलच कशावरून? काकूंना फोन लावला. काकू एवढेच म्हणाल्या, “त्यांना घरी पाठवा. पाय राहिले तर पुढल्या वर्षी येतील. खळ्यावर भारे पडलेत, ते मी बघते.” शेवटी बुवांनी काकांच्या खांद्यावरची पताका उतरवून त्यांच्या पुतण्याच्या मुलाच्या खांद्यावर दिली आणि म्हणाले, “पताका आळंदीला जाते आहे. वारी तुमचीच. तुम्ही घरी हरिपाठ चुकवू नका, म्हणजे झाले.”

दुपारच्या एस.टी.ने पुतण्या काकांना घेऊन परत गेला. जखम भरायला पाच आठवडे लागले. बोट वाचले. दुसऱ्या वर्षी काका पुन्हा निघाले, पण या वेळी रुंद तोंडाचे बूट घालून, आणि रोज संध्याकाळी पाय दाखवायला पहिला नंबर त्यांचा.

बाजारहाट

पाय पाहून झाले की जेवण, आणि जेवणानंतर बाजार. घोडबंदर रोडच्या नाक्यानाक्यावर आता मोठमोठी दुकाने आहेत. सुई-दोऱ्यापासून औषधापर्यंत सर्व मिळते. पण धान्य-किराणा जास्त घ्यायचा तर आम्ही दोघेतिघे बसने ठाणे स्टेशनकडे, जांभळी नाक्याच्या बाजारात जातो. मासुंदा तलाव आणि कोपीनेश्वराचे देऊळ तेथून जवळच. हात जोडून यायला वेळ मिळतो. आमच्या पालघरच्या लोकांना ठाणे परके नाही. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत जिल्हा कचेरीच्या कामासाठी ठाण्यालाच खेटे घालावे लागत.

हिशेबाचे सांगतो. चालणाऱ्या माणसाला दिवसाला अर्धा किलो धान्य आणि शंभर ग्रॅम डाळ धरावी लागते. घरी एवढे खात नाही म्हणून कमी धरू नये. बावीस माणसे आणि सहा दिवस म्हणजे सहासष्ट किलो धान्य आणि तेरा-चौदा किलो डाळ. यांतले तांदूळ आम्ही घरचे आणतो, टेम्पोत पोती असतात. बाजारातून घ्यायची ती डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, मीठ, चहा-साखर आणि कांदे-बटाटे. गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी प्रत्येकाच्या झोळीत असलीच पाहिजे. उन्हात घाम फार आला, चक्कर वाटली, जुलाब झाले, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा. मीठ यापेक्षा जास्त नको.

दुसरी यादी पायांची. चपलांचे अंगठे तुटलेले असतात, तळ झिजलेले असतात. नाक्यावर बसणारा चपला दुरुस्त करणारा कारागीर त्या दिवशी आमच्यासाठीच बसतो म्हटले तरी चालेल. वारीला जाताना नवी कोरी चप्पल कधीही घालू नये, महिनाभर वापरलेली घालावी. चालून पाय सुजतात, म्हणून ती किंचित सैल असावी. कापूस, पट्ट्या, मलम, विजेरीचे सेल, रेडियम पट्टी, कपडे धुण्याचा साबण, ताडपत्रीला दोरी, असे बारीकसारीक सामान लिहून नेल्याशिवाय आठवत नाही.

तिसरे काम ओझे कमी करण्याचे. पहिल्या वर्षीची माणसे पिशवीत घर घेऊन निघतात. जादा साडी, जादा पितळी तांब्या, शेजारणीने प्रसादासाठी दिलेला नारळ! विसाव्याच्या दिवशी प्रत्येकाने आपली पिशवी ओतून दाखवायची आणि तीन दिवसांत न लागलेली वस्तू टेम्पोत टाकायची, असा आमचा नियम आहे. पाठीवरचे एक किलो कमी झाले की घाटात ते दहा किलो वाटते.

भिशीचा हिशेबही त्याच दिवशी सांगतो. कोणी किती दिले, किती खर्च झाला, किती उरले, हे सर्वांसमोर वाचायचे. पैशाची कुरबुर वाटेत राहिली तर ती पायातल्या खड्याप्रमाणे शेवटपर्यंत टोचते.

यजमान गाव

कासारवडवली, ओवळे, वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा ही आज शहरातल्या बसथांब्यांची नावे वाटतात, पण ती मुळात गावे आहेत. आगरी, कोळी, वारली मंडळींची. 1982 साली ठाणे महानगरपालिका झाली, पुढे रस्ता रुंदावला, आणि भाताच्या खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. मोठ्या रस्त्यावरून आत वळले की मात्र अजून जुने गावठाण लागते. कौलारू घरे थोडी उरली आहेत. पण देऊळ आहे, तळे आहे, आणि ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे आहेत.

दिंडी आली की गावातल्या बाया तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचे बिरडे घेऊन येतात. त्यांचा आग्रह असा की आमच्या आचाऱ्याला त्या दिवशी संध्याकाळची सुट्टीच मिळते. “माउली, पोटभर जेवा, पुढे असे वाल मिळायचे नाहीत,” असे म्हणत वाढतात. नळाला पाणी येण्याची वेळ सांगतात, कपडे वाळत घालायला गच्ची उघडून देतात, मोबाईल चार्ज करायला घरात घेऊन जातात. तळ्यात कपडे धुवायचे नाहीत आणि देवळाचे आवार सकाळी झाडून निघायचे, एवढे आम्ही कटाक्षाने पाळतो. आपल्या मागून येणाऱ्या दिंडीला याच गावाने पाणी द्यायचे असते.

एक म्हातारे आजोबा दरवर्षी रात्रीच्या भजनाला येतात. गेल्या वर्षी त्यांनी आम्हाला कोपऱ्यावरच्या उंच इमारतीकडे बोट दाखवून सांगितले, “त्या टॉवरखाली आमची खाचरे होती. तुमच्यासारखीच कार्तिकात आमची झोडणी चालायची.” मग विचारले, “औंदा तुमचे भात कसे झाले?” आम्ही आपापले सांगितले. कोणाचे बरे, कोणाचे परतीच्या पावसाने लोळलेले. आजोबा प्रत्येकाचे मन लावून ऐकत होते. शेत जाऊन बरीच वर्षे झाली, पण विचारणे शेतकऱ्याचेच.

त्या रात्री सर्वांचे घरी फोन होतात. गाय व्याली का, भारे झाकले का, पोराने शाळा बुडवली नाही ना, अशी चौकशी होते. आपण देवाला निघालो असलो तरी घर चालते ठेवणारे कोणी मागे राहिले आहे, याची आठवण विसाव्याच्या दिवशी जास्त होते.

ज्यांना विसावा मिळाला नाही

या रस्त्याचे ठाण्याकडचे टोक म्हणजे माजिवडा. तेथेच नाशिकचा महामार्ग येऊन मिळतो. त्या महामार्गाने अलीकडच्या काळात पायी माणसांच्या दोन मोठ्या रांगा पाहिल्या.

2018 सालच्या मार्च महिन्यात किसान सभेच्या मोर्च्यात नाशिकहून हजारो शेतकरी मुंबईला पायी आले. त्यांत आदिवासी बाया मोठ्या संख्येने होत्या. 6 मार्चला निघालेली माणसे 11 तारखेला ठाण्याहून मुंबईत शिरली. सुमारे 180 किलोमीटर, सलग. दहावीच्या मुलांची परीक्षा होती. सकाळी रस्ता अडून त्यांची अडचण होऊ नये म्हणून ही थकलेली माणसे मुक्काम सोडून रात्रीच पुन्हा चालली आणि 12 तारखेच्या पहाटे आझाद मैदानावर पोहोचली. सोललेल्या तळव्यांची त्यांची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. वाटेत शहरातल्या लोकांनी त्यांना पाणी दिले, खाऊ दिला, चपला दिल्या. चालणाऱ्याची गरज शहराला कळते, डोळ्यांनी पाहिली की कळते.

दुसरी रांग 2020 सालची. मार्चअखेर टाळेबंदी लागली, कामे बंद झाली, गाड्या बंद झाल्या, आणि मुंबई-ठाण्याचे मजूर बायकापोरांसह गावाकडे चालू लागले. त्यांना कोणी मुक्काम ठरवून दिलेला नव्हता. त्याच वर्षी 8 मे रोजी औरंगाबादजवळ, करमाडच्या बाजूला, जालन्याहून पायी निघालेले 16 मजूर मालगाडीखाली सापडून मेले. चालून चालून थकले आणि गाड्या बंद आहेत असे समजून रुळांवरच निजले. रुळांवर त्यांच्या भाकऱ्या विखुरलेल्या होत्या. विसाव्याला सुरक्षित जागा नसली तर काय होते, हे याहून अधिक सांगायला नको.

एवढे करता येईल

घोडबंदर रोड बदलतो आहे आणि अजून बदलेल. येऊरच्या डोंगराखालून ठाणे-बोरिवली असा सुमारे बारा किलोमीटरचा जोडबोगदा व्हायचा आहे. त्याचे भूमिपूजन 2024 च्या जुलैमध्ये झाले. वाहनांची सोय व्हावी, याबद्दल दुमत नाही. पण बोगद्यातून दिंडी जात नाही. पायी माणूस गायमुखावरूनच येणार, आणि त्याला रस्त्याच्या कडेला चार फूट जागा लागणार. घाटात तेवढी धार पायी चालणाऱ्यांसाठी राखावी, एवढेच मागणे आहे.

आपल्या हाती काय आहे तेही पाहू. वाचकहो, तुमचे गाव पायी वाटेवर असेल तर देवळाच्या मंडपात एक दिवा, एक नळ आणि दोन स्वच्छ संडास एवढी सोय ग्रामपंचायतीकडून करून घ्या. फार खर्च नाही. दारात आलेल्या वारकऱ्याला जेवण देता तसे गरम पाण्याचे एक घमेलेही द्या. जेवण तर तो बरोबर आणतो. पाय शेकायला पाणी मात्र मिळत नाही.

आणि तुमच्या घरातले कोणी वारीला निघणार असेल तर दिंडीच्या प्रमुखांना आधीच विचारा, विसाव्याचा दिवस कोणता? असा दिवस ठरलेला नसेल तर ठरवायला सांगा. घरातल्या मधुमेही माणसाला एकटे पाठवू नका. औषधाच्या गोळ्यांबरोबर एक छोटा आरसाही त्याच्या पिशवीत ठेवा. रोज रात्री तळवा आरशात पाहायचा, हे त्याच्याकडून कबूल करून घ्या. आमच्या काकांच्या झोळीत आता असा आरसा असतो. पोरे थट्टेने म्हणतात, काका नटतात. काका हसतात आणि पाय उचलून आरसा खाली धरतात.

विसाव्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आमची पताका माजिवड्याकडे निघते. तेथून कळवा, मुंब्रा, शीळफाटा, पनवेल, आणि पुढे घाट. कपडे धुतलेले, चपला सांधलेल्या, झोळीत गूळ-शेंगदाणे, आणि पिशवी निम्मी हलकी. आदल्या संध्याकाळी चहाला उठायला तयार नसलेली माणसे पहिल्या अभंगालाच टाळ उचलतात. आळंदी अजून सुमारे 140 किलोमीटर दूर असते.